काळी तीनमधलं इंजिन

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

दिवाळीच्या साफसफाईत माझ्या कपाटातून एक जुनी तबकडी निघाली होती. मितालीने ती पाहून ठेवली होती. आज तिने मला न विचारता रेकॉर्ड प्लेअर आणला. "पप्पा, नुसती ठेवून काय करायची ने," एवढंच म्हणाली. सून गुजराती. सोळा वर्षांत तिचं मराठी माझ्याइतकं झालं, हा 'ने' तेवढा राहिला. तो जाऊ नये.

तबकडी म्हणजे आमचं 'इंजिन'. १९७० ची, इंग्लंडमधल्या चार पोरांची. कव्हरवर चिखलात उभं असलेलं काळं रेल्वे इंजिन आहे. बँडचं नाव लांबलचक होतं, ते आम्ही कधी घेतलं नाही. संगीत ब्लूजचंच, पण वजनदार. कोणीतरी गंजलेलं फाटक ओढत न्यावं तशी गिटार. समरजित शिर्के, निरुपमा कर्णिक आणि मी, आम्ही तिघांनी ती कॉलेजात असताना ऐकून ऐकून पाठ केली आणि दोन वर्षं जिथे बोलावतील तिथे वाजवली. समरजित गिटार, मी ड्रम, निरुपमा गायची. बेस वाजवणारा बडोद्यात मिळाला नाही.

आज पन्नास वर्षांनी सुई ठेवली. एकही ओरखडा नाही. पण खरं लिहायचं तर थोडा हिरमुसलो. आठवणीत ते फार जड होतं. गाणाराही पोरसवदा वाटला. आणि बाजू किती लवकर संपली. समरजितकडे सुई टेकली की त्याची आई चहा टाकायची. तो पिऊन कपबशा विसळून व्हायच्या, तरी शेवटचं गाणं चालूच असायचं. आठवणीत सगळंच लांब होत जातं.

माझा मुलगा आशय म्हणाला, "बाबा, तुम्ही हे वाजवायचा?" त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

समरजितला फोन केला होता. तासाभरात कारेलीबागेत माझ्या घरी हजर. आल्या आल्या तबकडी दोन्ही बाजूंनी ऐकली, लीलो चेवडो संपवला आणि मग बातमी दिली. चौदा डिसेंबरला तो सत्तर पूर्ण करतो आहे. शैलावहिनींनी भीमरथी शांत ठरवली आहे. हॉल घेतला, गुरुजी ठरले. याला होमहवनाचा कंटाळा. दोन दिवस नाही म्हणत होता. आज सकाळी हो म्हणाला, पण एका अटीवर.

"सकाळी त्यांनी पाहिजे तेवढा धूर करावा," तो म्हणाला. "संध्याकाळी पाच वाजता त्याच हॉलमध्ये आपण इंजिनाची पहिली बाजू वाजवायची. सगळी."

"वहिनी काय म्हणाल्या?"

"म्हणाली, बघू या आधी कोण दमतं."

मी हो म्हणालो. चौतीस वर्षं विमा कंपनीत लोकांचे दावे तपासले, कधी घाईने सही केली नाही. आज केली.

रविवार, ९ नोव्हेंबर

समरजितच्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढून पहिली तालीम. वरच्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग असतात, म्हणून वेळ त्यांच्या मधल्या सुट्टीची, पाच ते सहा. ड्रमचा सेट कुशलने दिला. तो आमच्या सोसायटीसमोर ड्रमचा क्लास चालवतो, चोवीस-पंचवीसचा असेल.

निरुपमा रिक्षाने आली. हातात तेच जुनं चौकोनी घड्याळ, पट्टा नवा. संगीत महाविद्यालयातून निवृत्त झाली, आता घरी चार मुली शिकतात. मला म्हणाली, "भास्कर, तुझे केस गेले, पण बसायची ढब तीच." समरजितला काहीच म्हणाली नाही. त्याचेही गेले आहेत.

माझा प्लेअर नेला होता. तबकडीबरोबर वाजवायचं असं ठरलं. पहिलं गाणं कसंबसं निभावलं. दुसऱ्या गाण्यात इंजिन पुढे आणि मी रुळांवर मागे. तीनदा सुरू केलं, तीनदा तेच. मी म्हणालो, खुर्ची उंच आहे. खुर्चीत काही दोष नव्हता.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सकाळी गादीवर उशी ठेवून तासभर सराव. मनगट दुखत नाही, श्वास लागत नाही. तरी रेकॉर्डच्या मागे पडतो. मितालीने दारातून विचारलं, "पप्पा, उशीने काय केलं?"

दाव्याच्या अर्जावर 'कारण' असा रकाना असायचा. माझ्या अर्जावर भरतो: वय.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज निरुपमाचा आवाज वरच्या सुरावर फाटला. दोनदा. ती थांबली आणि शांतपणे म्हणाली, "हे मी या पट्टीत गायलेच नाही."

समरजितने पेटीवर सूर तपासला. पांढरी सहा.

"मी याच्या खाली, काळी तीनला गायचे," ती म्हणाली.

"नीरू, पन्नास वर्षांपूर्वीची पट्टी कोण लक्षात ठेवतं?"

"मी."

"तबकडी काय कपाटात बसून वर चढली?"

"ते मला माहीत नाही. मी काळी तीनला गायचे."

समरजित हसला, मीही हसलो. घरी येताना वाईट वाटलं. आवाज उतरला हे गाणाऱ्या माणसाला मान्य करणं जड जात असणार. तिचा मान राहावा म्हणून मी तिला रिक्षापर्यंत सोडायला गेलो आणि म्हणालो, तुझं बरोबर असेल. तिने माझ्याकडे पाहिलं. "तुला पटलेलं नाही, भास्कर. पण सोडायला आलास हे बरं केलंस." रिक्षा मिळायला वीस मिनिटं लागली. ती लवकर मिळाली नाही याची मला चीड आली नाही. एरवी येते.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

कोणाला न सांगता कुशलच्या क्लासला गेलो. त्याला तबकडीचं दुसरं गाणं मोबाइलवर ऐकवलं. त्याने एकदा ऐकलं आणि काठ्या उचलून तसंच्या तसं वाजवलं. गोड पोरगा, फुशारकी नाही. मग मला बसवलं आणि मोबाइलवर ठेका मोजला.

"काका, रेकॉर्डवर मिनिटाला एकशे बत्तीस ठोके आहेत. तुमचे एकशे दहा."

"पुन्हा मोज."

पाच वेळा मोजलं. पाचही वेळा एकशे दहा. "अजब आहे," तो म्हणाला. "दमलेला माणूस आधी वेगात असतो, मग घसरतो. तुम्ही घसरत नाही. पहिल्या ठोक्यापासून एकशे दहा, शेवटी पण एकशे दहा. माझ्या क्लासमध्ये असं कोणी धरत नाही."

तो मला बरं वाटावं म्हणून बोलत होता. एकशे बत्तीसमधून एकशे दहा गेले, बावीस उरले. ते वयाने नेले.

शनिवार, २२ नोव्हेंबर

ठरवलं. समरजितच्या समारंभात त्याचं हसं होऊ द्यायचं नाही. कुशल वाजवेल, मी पहिल्या रांगेत बसेन. सकाळी अकराला त्याच्या घरी जाऊन सांगितलं. वाक्य चार वेळा पाठ करून गेलो होतो.

तो चिडेल असं वाटलं होतं. त्याने डावा हात पुढे केला. "हे बघ. दुसऱ्या गाण्यातल्या त्या वळणावर माझी बोटं पोचत नाहीत. मी रोज उठून तूप चोळतो. शैलाला सांगू नकोस." मग म्हणाला, "तू जात असलास तर मीही नाही वाजवत. धूर तेवढा करू."

शैलावहिनी आत पोहे करत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असणार, कारण पोह्यांवर त्यांनी दोघांनाही दुप्पट खोबरं घातलं.

एवढ्यात बेल वाजली. निरुपमा. तिला रागावण्याची सवय नाही, पण आज दार उघडताच तिने एक वही माझ्या छातीवर टेकवली. १९७५ ची. इंजिनाची सगळी गाणी देवनागरीत लिहिलेली, आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर तिच्या अक्षरात 'का. ३'. शेवटच्या पानावर समरजितचं अक्षर: सगळ्या तारा तीन घरं सैल करणे.

समरजितने त्या ओळीवरून बोट फिरवलं. "अरे हो. तारा सैल केल्याशिवाय तो सूरच लागायचा नाही. मला वाटायचं, ते इंग्रजही सैल करतात."

"म्हणजे हा नवा प्लेअर जास्त पळतो," मी म्हणालो.

"मग तपास. तुझा तोच धंदा होता," निरुपमा म्हणाली.

घरी येऊन तबकडीवर कागदाची पट्टी चिकटवली आणि घड्याळ लावून फेरे मोजले. मिनिटाला तेहेतीस आणि वर थोडं. अगदी बरोबर. पाच वेळा मोजलं. दोष या मशीनचा नाही. माझ्या हाताचा नाही असंही अजून सिद्ध झालेलं नाही, पण दावा मी पुन्हा उघडला आहे.

रविवार, २३ नोव्हेंबर

समरजितला आज आठवलं की त्याच्या काकांनी शिकागोहून आणलेलं जुनं मशीन, ज्यावर आम्ही इंजिन पाठ केलं ते, मोडीत गेलं नव्हतं. डभोईला त्याच्या चुलतभावाच्या बियाण्यांच्या दुकानात माळ्यावर आहे. गुरुवारी जायचं. निरुपमाही येणार. मितालीने विचारलं, "डभोईला जायला नवीन शर्ट?" जुना धुवायला टाकला होता.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आज सविस्तर लिहायचं आहे.

आठच्या बसने गेलो. निरुपमा खिडकीशी, मी शेजारी तबकडी मांडीवर धरून, समरजित पुढच्या बाकावर मागे वळून अख्खा रस्ताभर बोलत. डभोईच्या स्टँडवर सेव उसळ खाल्ली. निरुपमाने तिखट मागून घेतलं, माझ्या डोळ्यांत पाणी.

मशीन माळ्यावरून उतरवलं. तपकिरी पेटी, आणि तिच्याबरोबरचा तो जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर. तिकडच्या मशीनला आपली वीज जास्त होते, म्हणून काकांनी तो मुद्दाम घेतला होता. त्याच्याशिवाय मशीन लावायचं नाही, हा शिर्क्यांच्या घरातला पहिला नियम. आम्ही तो कधी मोडला नाही.

मशीन फिरेना. चुलतभावाने शेजारच्या मोटर बांधणाऱ्या अल्पेशभाईंना बोलावलं. शेतकऱ्यांच्या पंपाच्या मोटरी दुरुस्त करणारा माणूस. त्याने झाकण काढलं, आतलं कडक झालेलं रबरी चाक काचकागदाने घासलं, तेल सोडलं. मग मागची पत्र्याची पट्टी फडक्याने पुसून वाचली आणि आमच्याकडे पाहिलं.

"काका, आ तो साठ सायकलनी मोटर छे."

"मग?"

"आपणे त्यां पचास."

मग त्याने लहान मुलांना समजवावं तसं समजावलं. वीज सेकंदाला किती वेळा उलटते त्यावर ही मोटर फिरते. अमेरिकेत साठ वेळा, आपल्याकडे पन्नास. ट्रान्सफॉर्मर दाब कमी करतो, हे उलटणं बदलत नाही. "पहेलेथी धीमुं ज फरतुं हशे," तो म्हणाला आणि हात पुसायला लागला. पहिल्यापासून हळूच फिरत असणार.

समरजित बियाण्यांच्या पोत्यावर बसला. "म्हणून आई," तो म्हणाला. "आई त्यावर नाट्यगीतांच्या रेकॉर्डी लावायची नाही. म्हणायची, अमेरिकेच्या मशीनला मराठी कळत नाही, बाई आजारी असल्यासारखी गाते. आम्ही हसायचो तिला."

"तिला कळलं, आणि आम्हाला कळलं नाही," निरुपमा म्हणाली.

"इंजिन आपण दुसऱ्या कुठल्या मशीनवर ऐकलंच कुठे होतं?"

मी कागदाची पट्टी लावून फेरे मोजले. मिनिटाला अठ्ठावीसला थोडे कमी. खिशातल्या डायरीवर त्रैराशिक मांडलं. साठाला एकशे बत्तीस, तर पन्नासला किती? एकशे दहा.

पुन्हा मांडलं. एकशे दहा.

मग सुई ठेवली. ते आलं. बियाण्यांच्या दुकानात, युरियाच्या वासात, आमचं खरं इंजिन आलं. जड, सावकाश, चिखलातून चाकं उपसत. गाणारा पोरसवदा राहिला नाही, त्याला चाळिशी आली. निरुपमाने डोळे मिटून सूर धरला आणि तो बरोबर बसला. काळी तीन, जराशी उतरलेली. माझी बोटं गल्ल्यावर वाजत होती आणि मी कुठेच मागे नव्हतो. दोन गिऱ्हाइकं बी घ्यायला आली होती, ती तशीच उभी राहिली. त्यातल्या एकाने विचारलं, "भजन छे?"

"हा," अल्पेशभाई म्हणाले.

अल्पेशभाईंनी पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. परतीच्या बसमध्ये समरजित झोपला. निरुपमा म्हणाली, "तुला माझं पटलं नव्हतं, तरी त्या दिवशी पटलं म्हणालास."

"चूक झाली."

"झाली. पण वीस मिनिटं उभा राहिलास."

डावा हात मी गुडघ्यावर ठेवला होता. एकशे दहाने वाजत होता. मी थांबवला नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

आज तबकडी घरी ठेवली. समरजितने तारा सैल केल्या. पाच ते सहा सलग वाजवलं. वरचा शिकवणीचा वर्ग सुटल्यावर मुलं जिन्यात बसून राहिली.

मध्येच समरजितचा विवेक जागा झाला. "पण खरी चाल तर ती दुसरी. आपण चुकीचंच पाठ केलं. लोक हसतील."

निरुपमाने पाण्याची बाटली खाली ठेवली. "माझ्याकडे मुलगी शिकायला आली की मी आधी तिची पट्टी शोधते. तिच्या गुरूची पट्टी तिच्यावर लादत नाही. तो इंग्रज त्याच्या पट्टीत गातो. मी माझ्या. यात चूक कोणाची?"

"मग लय?"

"लय भास्कर सांभाळतो. तुला काय त्रास आहे?"

समरजितला त्रास नव्हता. त्याची बोटं त्या वळणावर पोचली होती. तूप बंद केलं म्हणतो.

मंगळवार, ९ डिसेंबर

अर्जाच्या त्या रकान्यात आज 'वय' खोडून 'वीज' लिहिलं. अर्ज निकाली. तरी भीती आहेच. हात बरोबर आहेत हे आता मला माहीत आहे, पण दोनशे माणसांसमोर शेवटचं वाजवलं तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. मिताली म्हणते, "पप्पा, नाही जमलं तर जेवण तर छानच आहे ने." तिने माझी तिसऱ्यांदा केलेली दाढीही मोजली आहे.

सोमवार, १५ डिसेंबर

काल काही लिहिता आलं नाही. आज सकाळी चहा घेऊन बसलो आहे, खांदे दुखत आहेत, आणि ते दुखणं मला हवं आहे.

सकाळचा विधी साडेबाराला संपला. समरजित सोवळ्यात इतका गरीब दिसत होता की शैलावहिनी दर दहा मिनिटांनी येऊन बघून जात. सत्तर दिव्यांनी ओवाळलं. उंधियुं, श्रीखंड, पुऱ्या. गुरुजी जेवून जायचे होते, पण सेट लावताना पाहून थांबले. तरुण आहेत, पस्तिशीचे. म्हणाले, "मला पाच वाजता दुसरीकडे जायचं होतं. त्यांना सहा सांगितले."

पाचला आम्ही मंचावर. होमाचा वास अजून हॉलमध्ये होता. पुढे शिर्क्यांची सगळी वडीलधारी मंडळी, आशय, मिताली, मागे कुशल आणि त्याची सात-आठ मित्रमंडळी. त्या पोरांनी मूळ तबकडी ऐकून ठेवली होती, हे मला आधी कळलं असतं तर माझं पाणी झालं असतं. समरजितने माझ्याकडे पाहिलं, निरुपमाने पाहिलं. सुरुवात ड्रमवालाच करतो. त्या क्षणी हॉलमध्ये माझ्याइतका मोकळा माणूस कोणी नव्हता असं लिहायला आवडेल, पण मी काठ्या दोनदा या हातातून त्या हातात केल्या. काठ्या वर धरल्या आणि त्या चार वेळा एकमेकींवर टेकवल्या. माझ्या हातांना जो माहीत होता त्याच वेगाने.

पहिल्या गाण्याच्या मध्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली. मला वाटलं, उठून चालले. शैलावहिनी होत्या. नऊवारीत, पुढे येऊन उभ्या राहिल्या आणि मान हलवायला लागल्या. सावकाश, पण बरोबर समेवर. मग त्यांच्या जावा उठल्या. दुसऱ्या गाण्यात ते वळण आलं, समरजितची बोटं पोचली, आणि निरुपमाने तो वरचा सूर असा लावला की गुरुजींनी "वा" म्हटलं आणि लगेच इकडे तिकडे पाहिलं. मी एकदाही मागे पडलो नाही. चोवीस मिनिटं वाजवलं. शेवटचं गाणं आम्ही दोनदा संपवलं, कारण समरजित पहिल्यांदा थांबलाच नाही.

उतरल्यावर कुशल मोबाइल दाखवायला आला. एकशे दहा. त्याचा एक मित्र म्हणाला, "काका, हे तुम्ही मुद्दाम इतकं जड केलं ने? मूळ याच्यापुढे हलकं वाटतं. आम्हाला शिकवाल?" समरजित म्हणाला, "मुद्दाम नाही तर काय." निरुपमाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो पोरांना डभोईची सगळी गोष्ट सांगायला बसला, त्यात अल्पेशभाई इंजिनियर झाले आणि पंपाच्या मोटरी गेल्या.

शैलावहिनी मला म्हणाल्या, "भास्करभावजी, याच्या पंचाहत्तरीला दुसरी बाजू बसवा. पाच वर्षं आहेत तुम्हाला."

"आधी कोण दमलं, वहिनी?"

"गुरुजी," त्या म्हणाल्या. गुरुजी खरंच खुर्चीत बसून वारा घेत होते.

निरुपमाला रिक्षापर्यंत सोडायला गेलो. ती म्हणाली, दुसऱ्या बाजूचा सराव रविवारी समरजितकडे होईलच, पण एक दिवस पुरणार नाही, म्हणून ती गुरुवारीही कारेलीबागेत माझ्याकडे येत जाईल. गुरुवारी समरजित त्याच्या क्लबात असतो, हे तिला माहीत आहे. मी आठवण करून दिली. ती म्हणाली, "हो, माहीत आहे." रिक्षा लगेच मिळाली. मी रिक्षावाल्याला म्हणालो, जरा थांब.

गुरुवारी निरुपमासाठी तिखट काय करता येईल ते मितालीला विचारायला हवं. सुनेला मी अजून काही सांगितलेलं नाही, पण आज सकाळी तिने माझा निळा शर्ट इस्त्रीला दिला आणि गुरुवारपर्यंत पाहिजे असं सांगितलं.